आधी सायलेन्सर उघडा

एवढ्या चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनवाल्या साखळी-करवती, घेऊन कापतोस तरी काय, असं मला विचारतात. फारसं काही नाही. दुरुस्त केलेली नीट चालते का हे बघायला एखादा ओंडका पुरतो. मला ओढ असते ती बंद पडलेल्या यंत्राची. ते का बंद पडलं हे शोधायला एकदा चटावलं की सुटका नाही.

जुनी चेनसॉ समोर आली की आधी सायलेन्सर काढतो. इंजिन सुरू करायची दोरी सावकाश ओढत बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघतो. त्यावरच्या मूळच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतील, तर बाहेरून कितीही मोडतोड असो, बिनधास्त घ्यावी. उभे ओरखडे दिसले की खरी मजा सुरू होते. ते फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर बहुधा कुणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल भरलंय, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ आत गेली. मालक छातीठोकपणे ‘कालपर्यंत चालत होती’ म्हणतो. म्हणू दे.

ओरखडे दिसले म्हणून सिलिंडर भंगारात टाकायची घाई नको. आतला मुलामा कठीण असतो. त्यावर चिकटलेलं असतं ते पुष्कळदा पिस्टनचंच अ‍ॅल्युमिनियम. कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तेवढ्याच जागी लावलं की फेस येऊन ते विरघळतं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. मुलामाच उडालेला असेल तर मात्र अ‍ॅसिड लावू नये, ते सिलिंडरचं अ‍ॅल्युमिनियमही खाईल.

नवा पिस्टन बसवला आणि झालं, असं करणाऱ्यांचा मला राग येतो. हवा शिरायची फट तशीच असेल तर नवाही जळणार. म्हणून एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करायचे, हातपंपाने आधी दाब द्यायचा, मग हवा ओढून घ्यायची. या दोन्ही चाचण्या लागतात, कारण दाबाने ऑइल सीलचा, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याचा, ओठ शाफ्टवर घट्ट बसतो आणि गळती लपते. हवा ओढली की तोच ओठ सुटतो.

क्लच काढताना एक ध्यानात ठेवा : बहुतेक चेनसॉत त्याचे आटे उलटे असतात. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवायला स्पार्क प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडायची. पण पिस्टन एक्झॉस्टच्या भोकावर चढल्यानंतरच, नाहीतर दोरी तिथेच चिमटते.

जुन्या यंत्रांची चटक लागली की इतिहासही आपोआप मागे लागतो. जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून १९४७ साली नवी चेन बाजारात आणली. आजच्या चेनचे दात त्याच घडणीचे. स्टिल या जर्मन कंपनीची काँट्रा ही चेनसॉ १९५९ची. तिने मधला गिअर काढून टाकला आणि चेन थेट इंजिनच्या वेगाने पळायला लागली. काँट्रा अजून माझ्या हाताला लागलेली नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपा करून रंग देऊ नका. रंगाखाली तडे दिसत नाहीत.

सध्या टेबलावर मॅकलक कंपनीची जुनी चेनसॉ आहे, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांनी ठिणगी पाडणारी. पॉइंट घासल्यावर ठिणगी आली, पण कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, पार कडक झालाय. नवा आला तरी आधी व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढायची चाचणी, मग पेट्रोल.