पल्सरचा एअरबॉक्स काढला, तीन महिने फिरलो, परत बसवला

आमच्याकडं २०११ ची पल्सर १५० आहे, अप्पांची, कार्बोरेटरवाली, आता माझ्याकडं आलेली. रोज गावातून परभणी आणि परत, गंगाखेड रोडनं, पोखर्णीवरून, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. मागच्या दिवाळीआधी डोक्यात किडा शिरला की एअरबॉक्स, म्हणजे हवेचा फिल्टर ज्यात बसतो तो प्लास्टिकचा डबा, काढून टाकायचा अन् तो लाल कोनवाला फिल्टर थेट कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडाला लावायचा. मित्राच्या गाडीला होता, रेस पिळली की आवाज असा यायचा की चहाच्या टपरीवरचे सगळे वळून बघायचे. खरं कारण तेवढंच होतं, पिकअप वाढतो वगैरे मी अप्पांना सांगायला पाठ केलं होतं.

मित्राचा मुद्दा पण पटलेला. म्हणला, हे तेल लावलेल्या कापडाचे फिल्टर अमेरिकेत वाळवंटातल्या रेसच्या गाड्यांना लावतात, के अँड एनवाले १९६९ पासून बनवायलेत, मग परभणीच्या धुळीला काय होतंय. बरोबर आहे. फक्त मी घेतला तो ऑनलाइन साडेचारशेवाला, ज्याच्यासोबत ना तेलाची बाटली आली ना माहितीचा कागद.

चाचांकडं नेला. चाचा आमचे जुने मिस्त्री, अप्पांच्या लुनापासून. त्यांनी फिल्टर उलटासुलटा करून बघितला, काही बोलले नाहीत, मग म्हणले, लावतो बेटा, पण काढलेला डबा फेकू नको, घरी नेऊन ठेव, तीन महिन्यांनी लागंल. मला वाटलं म्हातारं चेष्टा करायलंय.

पहिले दोन दिवस मजा आली, खोटं कशाला बोलू. मग सकाळी चोक ओढूनही स्टार्ट व्हायला त्रास, अर्ध्या रेसला गाडी एकदम गचके खायची, अन् रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज. प्लग काढून बघितला तर पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी अन् हवा जास्त. मी डिप्लोमाला वजनात १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं घोकलेलं, पेपरात लिहून मार्क पण घेतलेले, पण ते माझ्याच गाडीत चालू आहे हे डोक्यात आलं नाही.

चाचांनी कार्बोरेटर उघडून समजावलं ते मला कॉलेजमधे कुणी सांगितलं नव्हतं. या कार्बोरेटरमधला पिस्टन रेसची वायर उचलत नाही, वायर फक्त खालची झडप उघडते, पिस्टन व्हॅक्यूमनं उचलला जातो, वर पातळ रबरी पडदा असतो त्याच्यामुळं. पडद्याच्या खालच्या बाजूची हवा येते ती कार्बोरेटरच्या तोंडावरच्या बारीक भोकातून. डबा असला की तिथली हवा शांत असते. डबा काढला की वारा लागतो, बाजूनं उसाचा ट्रक गेला की झोत येतो, अन् पिस्टन थरथरतो. वर माझ्या फिल्टरच्या रबरी गळ्याची कड त्यातल्या एका भोकावर चढून बसलेली! ती त्यांनी ब्लेडनं कापली. मेन जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो, एक नंबर मोठा टाकला. म्हणले, जुना जेट डबा गृहीत धरून दिलेला असतो, एक काढलं की दुसरं बदलावंच लागतं.

त्यानं गचके बरेच कमी झाले. वरच्या रेसला किंचित मोकळी पळायची, निदान वाटायचं तसं, आवाज मोठा असला की गाडी जोरात आहे असं वाटतंच. पण खालचा जोर गेला. दोघं बसून चढाला तिसऱ्यावर ओढायची तिथं दुसरा टाकावा लागायला लागला. अॅव्हरेज ४८ वरून ४० वर. ऊन तापल्यावर इंजिनाला चिकटलेला तो फिल्टर गरम हवा ओढून काय करणार होता कुणास ठाऊक, मी एप्रिलपर्यंत पोचलोच नाही.

कारण मधे धूळ आली. आमच्या भागात सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्यावर भुसा उडतो, मग कारखाने चालू झाले की उसाच्या गाड्या, कडेची काळी माती पिठासारखी झालेली. चाचांनी एक साधी तपासणी सांगितली. फिल्टरच्या आतून, गळ्यापाशी बोटानं ग्रीसचा पातळ थर लावायचा अन् आठ दिवसांनी बघायचं. बघितलं. ग्रीस काळं झालेलं, अन् चिमटीत चोळलं तर कचकच लागली. फिल्टर उन्हात धरला तर जाळीतून सुया टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके. ती कचकच सरळ बोअरमधे, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या नळ्यात, जायली होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खायला लागते, अन् बोअर-पिस्टनचा खर्च मला माहीत होता, अप्पांनी एकदा केलेला.

तेल लावलेला चांगला फिल्टर घेतला असता तर? घेता आला असता, पण जेटचं अन् वाऱ्याचं दुखणं तेच राहिलं असतं. ज्याला धुवून वापरायचाच आहे त्यानं कंपनीच्या डब्यात बसणारा घ्यावा, डबा तसाच ठेवून. मला तेही नको होतं, पल्सरचा मूळचा स्पंजचा फिल्टर रॉकेलमधे धुवून, वाळवून, इंजिन ऑइलमधे भिजवून पिळला की झालं.

उरुसाच्या आसपास माळ्यावरून डबा काढला. आत उंदरांनी चिंध्या भरून संसार मांडलेला अन् डबा कार्बोरेटरला जोडणारा रबर बेंड कुरतडलेला. आईनं पिल्लं बघितली अन् दोन दिवस डब्याला हात लावू दिला नाही. नवा बेंड शोधायला तीन दुकानं फिरलो. चाचांनी जुना जेट नीट कागदात गुंडाळून, माझं नाव टाकून ठेवलेला होता. पैसे घेताना एवढंच म्हणले, साडेतीन महिने, माझा अंदाज पंधरा दिवसांनी चुकला.

परत ग्रीस लावून आठ दिवस चालवली. ग्रीस होतं तसं पिवळं. अॅव्हरेज ४६ आलंय, दोनचा फरक राहिलाय. आवाज गेला, त्याचं अजून वाईट वाटतं. साइड कव्हरचा एक स्क्रू त्या सगळ्या काढघालीत हरवला तो काही सापडला नाही, तिथं सध्या केबल टाय आहे.