कुठेही चालेल

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कारण सांगितलं तर कोणीही हसेल, एका फॉर्मवरचे दोन शब्द. आमच्या मुलींच्या सॉफ्टबॉलच्या टीम्स पाडायच्यात, दहा वर्षांखालच्या गटाचे 65 फॉर्म आलेत, त्यात 'विशेष विनंती' म्हणून एक रकाना आहे आणि लोकांनी तो काय भरलाय! मैत्रीण सोबत पाहिजे, अमकी नको, मागच्या वर्षीचे कोच अजिबात नकोत, मंगळवारी प्रॅक्टिस जमणार नाही, एका आईला तर जागा पुरली नाही म्हणून बाण काढून मागच्या बाजूला अर्धं पान लिहिलंय. आणि एका फॉर्मवर फक्त 'कुठेही चालेल'. बारीक अक्षर, रकान्याच्या अगदी खालच्या रेघेला टेकलेलं.

तेव्हापासून काहीतरी बोचतंय आणि काय ते कळत नाहीये.

संध्याकाळपासून शीट उघडून बसले होते. 5 टीम्स की 6, यावरून मीटिंगमध्ये जे झालं ते परत लिहीत नाही, अध्यक्षबाई कशा आहेत ते माहितीच आहे आणि काका मधेच उठून गेले त्याचं मला अजून... जाऊ दे. मला फक्त आकडे मांडून द्यायला सांगितलंय. आकडे मांडणारीला मत नसतं असं सगळ्यांनी परस्पर धरून टाकलेलं आहे.

तर 5 टीम्स केल्या तर 13-13 मुली, 65 ला बरोबर भाग जातो, शीटमध्ये बघायला इतकं छान दिसतं की कोणालाही वाटावं हेच करा. पण मैदानावर मुळात 9 असतात, या वयात आपण आउटफिल्डला, म्हणजे मागच्या मोकळ्या भागात, चौथी उभी करतो म्हणून 10. म्हणजे प्रत्येक इनिंगला 3 जणी बाहेर. दीड तासाच्या मॅचमध्ये पाचच इनिंग होतात (नियमात 6 लिहिलंय, होतात कुणाच्या!), म्हणजे 15 वेळा कोणीतरी बाहेर बसणार, 13 जणींत वाटलं तर प्रत्येकीला एकदा तरी बसावंच लागतं आणि दोघींना दोनदा. त्या दोघी कोण, ते आपल्याला आत्ताच माहितीये, खोटं कशाला बोला. बॅटिंग ऑर्डरमध्ये सगळ्या असतात ते खरं, पण इनिंगला साधारण सहा जणी बॅटला आल्या तर मॅचभरात 30 पाळ्या, म्हणजे 13 जणींना दोन-दोन मिळून 4 उरतात. दोन पाळ्या. म्हणजे त्या मुलीने शनिवारी सकाळी उठून, हेल्मेट-बिल्मेट घालून, दोनदाच बॅट हातात घेतली.

शिवाय 5 टीम्स म्हणजे दर शनिवारी एक टीम घरी. विषम आकडा असला की हे होणारच, कोणीतरी त्या आठवड्यात बिनजोडीचं राहतं.

6 केल्या तर पाच टीम्समध्ये 11 आणि एकीत 10. बाहेर बसणारी फक्त एक, बॅटिंगच्या पाळ्या तीनपर्यंत जातात, सगळ्या टीम्स दर शनिवारी खेळतात. मग 6 च करा ना असं वाटतं, तर लगेच पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. अंडरआर्म का असेना, 35 फुटांवरून बॉल बॅटरसमोरच्या प्लेटवर टाकणाऱ्या मुली आपल्याकडे किती आहेत? अकरा इंच घेराचा बॉल त्यांच्या मुठीत मावत नाही. निवडचाचणीत बघितलं ना, भरवशाच्या म्हणाव्यात तर आठ-नऊ. टीममागे दोन लागतात, कारण एकीचा हात त्या दिवशी चालला नाही की संपलं, बॉल बाहेर, बाहेर, बाहेर, आउटफिल्डच्या मुली खाली बसून गवत उपटायला लागतात. असे चार बॉल बाहेर पडले की पुढचे कोचने टाकायचे, हा नियम त्यासाठीच घेतला होता, तर त्याच्यावरूनही कोणाला तरी वाईट वाटलं. आणि कोच कुठून आणायचा सहावा? आणि 11 मधल्या तिघी आजारी पडल्या, चौथीचं कुठलं लग्न निघालं, तर 7. आठच्या खाली गेलं की मॅच सोडूनच द्यावी लागते. 13 असल्या की ती भीती नाही.

अध्यक्षबाई 5 म्हणतात तेही चूक नाही. हाच तर वैताग आहे.

एकाने 7 टीम्सचं पण काढलं होतं, 9-9 आणि दोन टीम्समध्ये 10. कोणी बाहेरच बसायला नको म्हणे. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या सगळ्या नऊजणी मैदानावर हजर, हे त्यांनी कुठे पाहिलंय देव जाणे.

पण हे सगळं झोप उडवणारं नाहीये, हे दर वर्षीचंच आहे. उडवणारं असं की प्रत्येक वेळी मी मांडणी बदलली की हलली ती ही 'कुठेही चालेल'वालीच मुलगी. पिवळ्या टीममध्ये पिचर कमी पडतेय, मग निळ्यातली पिचर तिकडे, तिच्यासोबत तिची मैत्रीण (विनंती!), मग निळ्यात जागा झाली, कोणाला टाकू, हिला टाकू. बहिणी-बहिणी एकत्र आणायच्या, एक जास्त झाली, कोणाला काढू, हिला काढू. तिला हलवलं की कोणाचं काही बिघडत नाही, कोणाचा फोन येत नाही. भिंतीतल्या फटीत बसवायला छोटा दगड लागतो तसं मी तिला वापरतेय. ज्यांनी पानभर लिहिलंय त्या सगळ्या आपापल्या जागी पक्क्या बसल्यात.

आणि मग मला स्वतःचंच सगळं आठवायला लागलं. लांबच्या प्रवासात मधली सीट कोणाची, माझी. ऑफिसात सुट्ट्या ठरतात तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर उरलेला आठवडा कोणाचा. घरात तर विचारतही नाहीत आता, 'तिला चालतं' म्हणतात, माझ्यासमोर, मी तिथे उभी असताना. हे रोस्टरचं काम तरी माझ्याकडे कसं आलं? बाकी प्रत्येकाने काय जमणार नाही ते सांगितलं आणि मी काहीच सांगितलं नाही. चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून शेवटी उरेल ते. आईपण अशीच होती. आईचं नको आत्ता.

त्या मुलीच्या आईनेही असंच लिहिलं असेल, कोणाला त्रास नको म्हणून, आणि ती पोरगी आतापासूनच शिकतेय. मागच्या वर्षी ती सीझनभर राइट फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या उजव्या बाजूला होती, मला आठवतंय. बहुतेक मुली उजव्या हाताने खेळतात, मारलेला बॉल डावीकडे नाहीतर मधे जातो, राइट फिल्डला फिरकतही नाही, म्हणून सगळे कोच कच्ची मुलगी तिथे उभी करतात. कोणी मुद्दाम करत नाही. पण कोणी मुद्दाम करत नाही म्हणूनच ते सीझनभर चालतं.

दीड वाजला. लॅपटॉप बंद.

*

दुसरा दिवस, दुपार. रात्रीचं वाचलं. बाई गं, किती ते रडगाणं. मधली सीट काय, उरलेला आठवडा काय. तो आठवडा मला आवडतो खरं तर, ऑफिस रिकामं असतं.

सकाळी न राहवून त्या मुलीच्या आईला फोन लावला. मनात सगळी तयारी करून, की तिला म्हणेन, अहो संकोच करू नका, काय हवं ते मोकळेपणाने सांगा, आम्ही आहोत. तर ती म्हणाली, "अहो ताई, खरंच कुठेही चालेल, कुठलीही टीम द्या, कुठेही उभी करा. फक्त तिला बाहेर बसवू नका हो. बाहेर बसली की घरी येईपर्यंत बोलत नाही." मग हसली आणि म्हणाली, "फॉर्मात ते कुठे लिहायचं कळलं नाही, टीमबद्दलच विचारलं होतं ना."

मी दोन मिनिटं गप्प. म्हणजे मी रात्रभर जिच्यासाठी हळहळत होते तिला राइट फिल्डचं काहीच नव्हतं. उलट तिला ते आवडतं म्हणे, मोठी जागा आहे, पळायला मिळतं. फर्स्ट बेसकडे थ्रो चुकला की मागे जाऊन बॉल आणायचा तो तीच आणते, आणि या वयात थ्रो चुकतातच, त्यामुळे तिला भरपूर काम असतं. आणि मी तिचा दगड करून ठेवला होता.

गंमत अशी की 65 जणींनी कोण हवं, कोण नको, कधी हवं ते सगळं लिहिलं, पण टीममध्ये किती असाव्यात यावर कोणी अक्षर लिहिलं नाही, कारण आपण विचारलंच नाही. मीटिंगमध्ये दोन तास त्याच्यावरच भांडलो आणि फॉर्ममध्ये रकाना टी-शर्टच्या साइझचा.

टोकियोच्या ऑलिम्पिकला सॉफ्टबॉलच्या 6 च टीम्स होत्या, प्रत्येकीत 15. म्हणजे मैदानात 9, फार तर एक जादा बॅटर धरून 10, बाकी पाच जणी टाळ्या वाजवत डगआउटमध्ये. त्यांना चालतं. त्या तिथे पोचेपर्यंत हजारो इनिंग खेळलेल्या असतात आणि बसण्यातही त्यांचा मान आहे. नऊ वर्षांच्या मुलीला बेंच म्हणजे बेंच. अध्यक्षबाईंना हे सांगणार आहे, त्या ऑलिम्पिकचं नाव काढलं की ऐकतात.

तर 6. मी शीटच्या वर तसं लिहून टाकलं, 'माझं मत' असं ठळक करून, मग 'माझं' काढलं, मग परत घातलं. 7 मुली येण्याची भीती आहेच, त्याला उपाय म्हणजे ज्या टीमची त्या दिवशी मॅच संपली किंवा व्हायचीय तिच्यातल्या दोघी-तिघी उसन्या घ्यायच्या, त्यांनी आउटफिल्डला उभं राहायचं आणि बॅटिंग ऑर्डरमध्ये शेवटी. म्हणजे फुकट जादा मॅच. त्या यादीत पहिलं नाव कोणाचं घालणार ते मला आत्ताच माहितीये, तिच्या आईला विचारायचीसुद्धा गरज नाही. पिचरचं मात्र उत्तर नाही. चार बॉलनंतर कोच, तो नियम राहील, ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे, आणि रविवारी जिला शिकायचंय तिच्यासाठी अर्धा तास, एखादी मोठ्या गटातली मुलगी आली शिकवायला तर बरं.

काकांना फोन करायला हवा. आज नाही.

राहिला सहावा कोच. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो मला कुठे नियम माहितीयेत. दहा वर्षं दर शनिवारी जाळीला नाक लावून अंपायरला नियम सांगतो हा माणूस. शीटमध्ये त्याचं नाव टाकलंय, पिवळी टीम, 10 वाली. कळेल त्याला मेल आली की.