उभं राहायला जागा नाही

काल दुपारी गॅरेजमधे एक स्क्रू पडला आणि घरंगळत ट्रेलरखाली गेला. दुसरा कोणी वाकून उचलेल. मी आधी विचार करतो की हा स्क्रू खरंच लागणार आहे का. माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पाय ताठ धरणारा आधार, खाली बसायचं तर गुडघ्याचं लॉक ओढून सोडायचं, खट् आवाज येतो, मग काहीतरी धरत धरत जमिनीवर उतरायचं, आणि एकदा उतरलं की लगेच उठणं परवडत नाही, म्हणून खाली गेलोच आहे तर खालची अजून काय काय कामं आहेत ती उरकून घेतो. काल त्या सव्वा इंची स्क्रूपायी चाकाजवळचं सगळं वायरिंग तपासून झालं. स्क्रू मिळाला नाही.

दोन वर्षं झाली, इथे ओहायोत मी टिअरड्रॉप कॅम्पर बांधतोय. म्हणजे गाडीमागे ओढायची थेंबाच्या आकाराची डबी, आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक ह्या घरच्या घरी बनवतायत, १९४७ साली तर मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकाने नकाशेच छापले होते. नेहमीचं माप ४ फूट बाय ८ फूट, कारण प्लायवूडची शीट तेवढी येते. कारण इतकं साधं असलं की मला त्या वस्तूबद्दल आदरच वाटतो.

हिने सांगाडा पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "अहो, पण यात उभं कुठे राहायचं?"

"कोणीच नाही राहायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे बसायचं, नाहीतर आडवं व्हायचं. उंची चार फूट."

ती बघतच राहिली. मला मात्र आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, गल्लीच्या तोंडाशी सुतारतात्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. तात्या सगळं बसून करायचे, रंधा मारणं, करवतीनं कापणं, पटाशीनं खाच पाडणं, आणि फळी धरायचे पायाने, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत, अशी की हलायची बिशाद नाही. आई मला त्यांच्याकडे बसवून बाजारात जायची, मी पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी भुशात बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करायचो आणि मजुरी म्हणून रंध्यातनं निघालेली कुरळी सालपटं खिशात भरून न्यायचो, घरी जाईपर्यंत त्यांचा चुरा. बाहेर पोरांची लगोरी चाललेली असायची. पण शेडमधे सगळेच खाली, गिऱ्हाईकसुद्धा आलं की उकिडवं बसूनच बोलायचं.

आणि इथलं वर्कबेंच बघा, कंबरेइतकं उंच. पहिलं वर्षभर मी उभ्यानं काम केलं, एका हातानं बेंच धरायचं, दुसऱ्यानं जिगसॉ, संध्याकाळी खांदे नुसते भरून यायचे. पोलिओचं एक असतं, तीस-चाळीस वर्षांनी तो परत चौकशीला येतो, इतकी वर्षं ज्या स्नायूंनी जास्तीचं ओझं वाहिलं तेच थकायला लागतात. पोस्ट पोलिओ म्हणतात. डॉक्टर म्हणाली, जपून वापरा. मग एका रविवारी मी बेंचचे चारही पाय कापून टाकले, १४ इंचच ठेवले. शेजारचे आजोबा ड्राइव्हवेत उभे राहून बघत होते, त्यांना वाटलं मला कसला तरी राग आलाय.

आता चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून सगळं. तात्यांसारखी फळी पायात धरणं तेवढं जमत नाही, माझा एकच पंजा कामाचा. म्हणून क्लॅम्प. २३ आहेत माझ्याकडे आणि कमी पडतात, क्लॅम्प कधीच कुणाला पुरलेले नाहीत.

छताची पातळ प्लाय वाकवताना दोनदा तडकली, तिसऱ्यांदा ओले टॉवेल टाकून रात्रभर ठेवली तेव्हा कुठे ऐकली. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा लावतात पण मी स्वस्तातला प्रकार केला, कॅनव्हासचं कापड लाकडाच्या गोंदात चिकटवायचं आणि त्यावर घराच्या भिंतीचा रंग, हातावर हात. गरिबाचं फायबरग्लास म्हणतात इथे त्याला. ते ओलं कापड तळहातानं सपाट करता करता मी एकदम सात वर्षांचा झालो, ऑपरेशननंतर पायाला प्लास्टर घालत होते, आधी ते गार गार लागतं आणि मग हळूहळू आपोआप गरम व्हायला लागतं, आणि वरती भिंतीवरच्या पालीकडे बघत राहायचं. असो.

मागच्या शनिवारी पहिली रात्र काढली. हॉकिंग हिल्ससारखी कॅम्पिंगची ठिकाणं पुढे बघू, आधी आमच्याच ड्राइव्हवेत. रंगाचा एक हात अजून बाकी आहे पण धीर धरवेना. काय काय मोजलं होतं मी! हुकवर एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार यायला हवा, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागतो, ओटा मागे आहे म्हणून पाण्याचा कॅन पुढे, दाराची रुंदी, उशाशी चष्म्यासाठी कोनाडा, हिच्या चहाच्या डब्याला वेगळी फळी. रात्री गादीवर बसून कॅलिपर काढला आणि तो हातात धरून तसाच बसून राहिलो. तो ठेवायला जागाच ठेवलेली नाही. बाहेर ठेवावा तर पाऊस, पायाशी ठेवला तर पाय पसरता येईनात.

शेवटी दोघांच्या मधे ठेवला. हिचं म्हणणं, गार लागतो.