डोळ्याच्या आत पण तीळ असतो

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की आपण म्हणतो, झालं, डोळे चेक केले. पण थेंब टाकून बाहुली मोठी केल्याशिवाय आतला पडदा नीट बघताच येत नाही हो! आमची पंचवटीची आत्या, शुगर आहे म्हणून गंगापूर रोडला रेटिनाच्या डॉक्टरांकडे नेली होती, थेंब झोंबतात म्हणून तिची कुरकुर चालूच, आणि डॉक्टर म्हणाले डाव्या डोळ्यात पडद्यामागे करडा डाग दिसतोय. दुखत नाही, दिसतं व्यवस्थित, तिला पत्ताच नव्हता.

असे डाग बहुतेक वेळा साधा तीळच असतात, नेव्हस म्हणतात. पण क्वचित तो मेलानोमा म्हणजे कॅन्सर निघतो आणि तो पसरला की आधी लिव्हर गाठतो, म्हणून नीट मोजमाप करतात. बंद पापणीवर गार जेल लावून सोनोग्राफी केली, स्क्रीनवर जाडी मोजली. दोन मिलिमीटरच्या वर जाडी, पाचच्या वर रुंदी, ओसीटीत म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी, डागावर नारिंगी रंग, सोनोग्राफीत आतून पोकळ दिसणं, नजर कमी होणं, यातलं जितकं जास्त सापडेल तितका डाग वाढायचा धोका जास्त. आत्याच्या डागावर बारीक पिवळे ठिपके होते, ते उलट बरं म्हणे, म्हणजे डाग जुना आहे.

भाऊ म्हणाला तुकडा काढून का नाही तपासत? तर बहुतेक वेळा गरजच पडत नाही, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या तपासणीवरून केलेलं मेलानोमाचं निदान 99 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघालं होतं. त्याच अभ्यासाने 2001 मध्ये दाखवलं की मध्यम आकाराच्या गाठीत डोळा काढला काय किंवा किरणोत्सर्गी चकती लावली काय, पेशंट जगण्यात फरक पडत नाही. लहान गाठींसाठी रुथेनियम या किरणोत्सर्गी धातूची तशी चकती आता आपल्या मुंबईचं बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र बनवतं, ती काही दिवस डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीला टाके घालून ठेवतात नि मग काढतात.

एक करा, पहिल्या तपासणीचे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या, झेरॉक्स काही कामाची नाही. डाग वाढला की नाही हे जुना फोटो शेजारी ठेवूनच कळतं, आणि डॉक्टर बदलले तर पंचाईत.

आत्याची पुढची तारीख नेमकी दिवाळीच्या आठवड्यात आलीये. फराळ झाला की बघू म्हणतेय, मी काही ऐकणार नाहीये.