बिस्किटांच्या डब्यातलं नाव

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि पोरांना गप्प बसवायचं. प्रत्यक्षात गेली काही वर्षं माझा निम्मा वेळ लोकांची सायटेशन्स, म्हणजे त्यांच्या पेपरांना इतरांनी दिलेले संदर्भ, मोजण्यात जातो. कुणाची बढती, कुणाची नॅक मूल्यांकनाची फाइल, कुणाचा पुरस्काराचा अर्ज. सगळे शेवटच्या दिवशी येतात आणि सगळ्यांना पेपर आणि सायटेशन्स मिळून काढलेला एकच आकडा हवा असतो. "मॅडम, माझा एच-इंडेक्स किती?" जणू बीपी विचारतायत.

२०१९च्या जूनमधली गोष्ट. आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या विभागप्रमुख त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. एका जीवनगौरव पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचं डीन ऑफिसात ठरलं आणि फॉर्मचं पान नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी स्कोपस हा सायटेशन्सचा डेटाबेस उघडला, मॅडमचं नाव टाकलं. सासरचं आडनाव असं, की हमरस्त्यावर हाक मारली तर दहा जण वळून बघतील. त्यामुळे जोडीला पाहिलेल्या गुगल स्कॉलरने एका अस्थिरोगतज्ज्ञाचे गुडघ्याचे पेपरही त्यांच्या खात्यावर चढवले होते, ते मी शहाणपणाने वगळले. उरले ४१ पेपर, एच-इंडेक्स ११. फॉर्म भरून दिला. मॅडमनी वाचला, सही केली, एक अक्षर बोलल्या नाहीत. पोर्टल शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होणार होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या विभागातले शिपाई मामा हातगाडीवर तीन खोकी घेऊन आले. मॅडमनी केबिन आवरायला काढली होती, पुस्तकं लायब्ररीला. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकण गंजून घट्ट बसलेलं. चमच्याच्या दांडीने उघडला तर आत पोस्टकार्डांचा गठ्ठा. प्राग, बुडापेस्ट, हवाना, लागोस. प्रत्येकावर तोच छापील मजकूर, आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवाल तर आभारी राहीन, आणि खाली रिकाम्या जागेत पेनाने भरलेलं लेखाचं नाव.

ही रिप्रिंट मागणारी कार्डं आता कुणी ओळखणारही नाही. झेरॉक्स परवडत नसे, पीडीएफ जन्मालाच यायचं होतं, तेव्हा जगभरचे संशोधक नियतकालिकांच्या अनुक्रमणिका वाचून लेखकालाच कार्ड टाकत. त्या अनुक्रमणिका आठवड्याच्या आठवड्याला एकत्र छापून विकायचा धंदा फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी वाढवला. सायटेशन मोजणं ज्यांनी १९६०च्या दशकात सुरू केलं, तेच हे गारफिल्ड. आम्हा ग्रंथपालांचे कुलपुरुष म्हणा.

पण कार्डांवरचं नाव मला ठाऊक नव्हतं. आडनाव वेगळं, आद्याक्षरं वेगळी. वाटलं, विभागात पूर्वी असलेल्या कुणा बाईंचा डबा चुकून आलाय. इंटरकॉमवर विचारलं.

"मॅडम, तुमच्या खोक्यात कुणाची तरी पत्रं आलीत. परत पाठवू?"

"कुणाची?"

मी नाव वाचून दाखवलं. पलीकडे क्षणभर शांतता.

"अगं, मीच ती. १९८५च्या आधीची."

मी रिसिव्हर हातात धरूनच उभी राहिले. मॅडमचं लग्न १९८५ला झालं. त्यांच्या सासरी पद्धत अशी, की ताटातल्या तांदळात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचं. आडनाव तर बदललंच, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं आणि खुद्द त्यांचं नावही गेलं. जुन्या पेपरांबाबत संशोधनाच्या डेटाबेसला कळतात फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये तर लेखकांची पूर्ण नावं यायला लागली २००२पासून. तीनांपैकी एकही अक्षर जुळत नाही म्हटल्यावर यंत्राच्या लेखी त्या दोन बायका होत्या. त्यातली एक १९८५ साली लिहायची थांबली आणि दुसरी त्याच सुमारास कुठून तरी उगवली.

यंत्राचं सोडा. माझं स्वतःचं आडनाव लग्नानंतर बदललंय. दहावीचं सर्टिफिकेट एका नावाचं, पॅनकार्ड दुसऱ्या नावाचं, हा घोळ मी बँकेत, पासपोर्टच्या रांगेत, मुलाच्या शाळेत निस्तरलेला आहे. तरी बारा वर्षांत एकाही बाईचं सायटेशन काढताना मी विचारलं नव्हतं, की माहेरचं नाव काय.

साडेअकराला मॅडम स्वतःच खाली आल्या. मी जुनं नाव टाकलं. आठ पेपर निघाले, १९८० ते ८५ या काळातले, मुंबईत त्या रिसर्च फेलो होत्या तेव्हाचे. मी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावले आणि पहिलीच ओळ वाचून चष्मा पुसला. १४२. त्यांच्या नव्या नावाच्या ४१ पेपरांत सर्वांत वरचा होता ६४वर.

"हा कसला पेपर, मॅडम?"

"काही नाही गं. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला जायचो. रक्ताचे नमुने एसटीने मुंबईला आणायचे, बर्फ नंदुरबारपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. मग बर्फाशिवाय कसे आणायचे, ते लिहिलं. चार पानं आहेत."

त्यांना आकड्याचं विशेष वाटलेलं दिसलं नाही. म्हणाल्या, "लॉरीचा पेपर बघ." प्रथिनं मोजायची लॉरी पद्धत आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असते. १९५१चा तो पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय, आजवर सर्वांत जास्त सायटेशन्स मिळालेला तोच. "रीत सांगितली की लोक नाव घेतात, कारण 'कसं केलं' हे त्यांना लिहावंच लागतं. नुसता शोध लावला तर तो सगळ्यांचा होतो. बॉम्बे ब्लड ग्रुप रोज किती जण लिहीत असतील? त्यातल्या किती जणांना भेंडे आठवतात?"

डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या या रक्तगटाबद्दल १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आज तो पाठ्यपुस्तकात आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीला कोण संदर्भ देतो? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी ओळखलं होतं: शोध इतका अंगवळणी पडतो, की शोधणाऱ्याचं नाव त्यात विरघळून जातं. मला हे शिकताना पाठ करावं लागलं होतं. मॅडमना पाठ करायची गरज नव्हती.

त्यांना हवी होती वेगळीच गोष्ट. "१४२ राहू दे. कुणी कुणी घेतलाय ते दाखव."

मी यादी उघडली. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पुढचा पाऊण तास आकडेवारीतला माझा रस त्यांनी पार संपवला. नावं वाचत होत्या, मधेच हसत होत्या. नायजेरियातल्या एका पेपरवर बोट ठेवून डब्यातलं लागोसचं कार्ड शोधून काढलं. नाव तेच. त्या माणसाने प्रत मागितली, यांनी ती विमानाच्या टपालाने पाठवली (स्टॅम्पचे पैसे फेलोशिपमधून, हेही त्यांना आठवत होतं) आणि त्याने ती खरंच वापरली होती. हे त्यांना तेव्हा, चौतीस-पस्तीस वर्षांनी कळत होतं. मग एका पेपरचं पूर्ण पान उघडायला लावलं, वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मी याच्या बरोब्बर उलट लिहिलंय. न वाचताच संदर्भ दिलाय गाढवाने." सायटेशन मात्र एक. मोजणीत शहाण्याचं आणि गाढवाचं वजन सारखंच.

दीड वाजला तेव्हा मी भानावर आले. स्कोपसला दोन्ही खाती जोडायची विनंती पाठवली, पण त्याला दिवस लागतात, आमच्याकडे तास होते. डीन ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "अकरा आणि सहा, सतरा लिहा की. हाय काय अन् नाय काय."

जुन्या नावाचा एच-इंडेक्स सहा होता हे खरं. पण हा आकडा असा मिळवता येत नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप काढलं, त्याचा अर्थ सरळ आहे: एच-इंडेक्स ११ म्हणजे किमान ११ पेपर असे, की प्रत्येकाला किमान ११ सायटेशन्स. दोन याद्या एक केल्या की सगळं पुन्हा पहिल्यापासून लावायचं. मी फळ्यावरच मांडलं. १४२, ६४, ४०, ३३, ३१, २७ असं उतरत गेलो. किमान १३ सायटेशन्सवाले पेपर १४ निघाले, किमान १४वाले मात्र १३च. झाले १३. एका पेपरला कितीही सायटेशन्स असली तरी या मापात तो एकच पेपर. १४२च्या जागी १५ असती तरी उत्तर १३च आलं असतं. हेडक्लार्क हिरमुसले. "एवढी आठ पेपरांची भर घालून दोनच वाढले?"

पुढचा प्रश्न त्यांच्या प्रांतातला होता. फॉर्मवर १३ लिहिलं, पण सोबतच्या स्क्रीनशॉटवर ११ आणि ६, तेही दोन वेगळ्या नावांवर. छाननीत फॉर्म उडणार. "नावबदलाचं राजपत्र आहे का?" मॅडमकडे राजपत्र नव्हतं. लग्नाचा दाखला होता, तो घरी. शिपाई मामा स्कूटरवरून गेले आणि चार वाजून दहा मिनिटांनी दाखला घेऊन आले, वर मॅडमच्या यजमानांनी हौसेने लग्नपत्रिकाही दिलेली. मी ग्रंथपाल म्हणून लेटरहेडवर लिहून दिलं, की वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून आकडे मी स्वतः पडताळले आहेत. हेडक्लार्कनी दाखला स्कॅन केला. पत्रिकाही करू का, म्हणाले. मी नको म्हटलं. नंतर बघितलं तर केलेली होती.

४ वाजून ५२ मिनिटांनी फॉर्म गेला. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

त्या संध्याकाळी लायब्ररी बंद करायच्या वेळी मॅडम डबा न्यायला परत आल्या. मी म्हटलं, आलातच तर ऑर्किडचं खातं उघडून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. ऑर्किड म्हणजे संशोधकाला मिळणारा सोळा अंकी नंबर. नाव कितीदा बदललं तरी तो बदलत नाही. "जाताना कशाला आता?" म्हणाल्या, पण बसल्या. ईमेल, पासवर्ड, सगळं त्यांनी भराभर भरलं. मग आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता, असं विचारणारा रकाना आला आणि बोटं थांबली.

"इथे वडिलांचं नाव पूर्ण लिहायचं, की नुसतं अक्षर?"

"पेपरवर जसं होतं तसं लिहा. पूर्णही चालेल."

त्यांनी डब्यातलं वरचं कार्ड काढून कीबोर्डला टेकवून उभं केलं आणि एका बोटाने, कार्डावर बघत बघत, पूर्ण नाव टाइप केलं. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं, ते परत जाऊन दुरुस्त केलं.