रंग बदलणाऱ्या एलईडीत रंग बदलत नाही

सजावटीसाठी रंग बदलणाऱ्या एलईडीची पाच मीटरची पट्टी मी पहिल्यांदा एका उंच मांडणीच्या कडेने लावली, तेव्हा निळा, हिरवा आणि लाल हे रंग नीट दिसले. पण पांढरा रंग निवडताच वीज जोडलेल्या टोकाला तो पांढरा, मध्यावर पिवळसर आणि शेवटच्या हातभर भागात तर तांबूस दिसू लागला. पट्टी सदोष असावी, असे समजून मी ती बदलली. नवी पट्टीही अगदी तशीच वागली. या घटनेने मला दिव्याच्या आत काय चालते ते समजून घेण्यास भाग पाडले आणि जे समजले, त्याने सजावटीकडे पाहण्याची माझी पद्धतच बदलली.

एलईडीचा रंग ती ज्या अर्धवाहक पदार्थाची बनलेली असते, त्यावर ठरतो आणि वापरणाऱ्याला तो बदलता येत नाही. ज्याला आपण रंग बदलणारा दिवा म्हणतो, त्याच्या भिंगाखाली लाल, हिरवा आणि निळा असे तीन अतिसूक्ष्म दिवे शेजारीशेजारी बसवलेले असतात. प्रत्येकाचा रंग कायमचा ठरलेला असतो आणि बदलते ती केवळ प्रत्येकाची तीव्रता. दृश्य लाल प्रकाश देणारी एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवली होती, परंतु पुरेसा प्रखर निळा दिवा मिळण्यास १९९० चे दशक उजाडले. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकावर चिकाटीने काम करून तो शक्य करणारे इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्या दिव्यावाचून तीन रंगांची ही तिकडी पूर्णच होऊ शकली नसती, म्हणून त्या तिघांचे मोठेपण मला प्रत्येक पट्टी पेटवताना जाणवते.

तीव्रता कमी-जास्त करण्यासाठी सहसा विद्युतप्रवाह कमी केला जात नाही. दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पूर्ण पेटवून पूर्ण विझवला जातो आणि त्यातील पेटलेल्या काळाचे प्रमाण बदलले जाते; डोळ्याला ही उघडझाप दिसत नाही, त्याला फक्त सरासरी उजेड जाणवतो. (मोबाईलने चित्रण करताना सजावटीवर सरकणारे काळे पट्टे दिसतात, ते याचमुळे.) प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात आणि तिघांच्या गुणाकारातून १,६७,७७,२१६ जोड्या तयार होतात. वेष्टनावर छापलेला 'एक कोटी सदुसष्ट लाख रंग' हा आकडा इथून येतो. तो गणिताने बरोबर असला, तरी डोळ्याला तेवढे रंग दिसतील, असा त्याचा अर्थ घेऊ नये.

याचे कारण असे की आपला डोळा उजेड समप्रमाणात मोजत नाही. १२८ या पायरीवर दिवा निम्मा वेळ पेटलेला असतो, तरी तो आपल्याला निम्म्याहून बराच अधिक उजळ भासतो. निम्मा भासावा असे वाटत असेल, तर आकडा ५५ च्या आसपास आणावा लागतो. म्हणूनच ० पासून २५५ पर्यंत एकसारख्या गतीने वाढवलेला प्रकाश सुरुवातीला झपकन उजळतो आणि नंतर बराच वेळ जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो. ही दुरुस्ती कंट्रोलरमध्ये, म्हणजे पट्टीला रंगांचे आकडे पाठवणाऱ्या उपकरणात, करता येते आणि तिला गॅमा दुरुस्ती म्हणतात. माझ्या मते सजावट सुबक दिसणे आणि बटबटीत दिसणे यांतील सर्वांत मोठा फरक या एका दुरुस्तीत आहे. अगदी मंद प्रकाशात मात्र तिलाही मर्यादा पडते, कारण १ वरून २ वर जाताना उजेड एकदम दुप्पट होतो आणि ती पायरी डोळ्याला खटकते.

मिश्रणाचेही असेच आहे. डोळा हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे आणि पट्टीतील हिरवा दिवाही प्रखर असल्यामुळे संगणकाच्या पडद्यावरील नारिंगीचे आकडे, म्हणजे लाल २५५ आणि हिरवा १६५, पट्टीला जसेच्या तसे दिले, तर हिरवट पिवळा रंग मिळतो. खरी नारिंगी छटा हवी असेल, तर हिरवा बराच खाली आणून डोळ्यानेच जुळवावा लागतो. शिवाय या पट्टीच्या पिवळ्यात पिवळा प्रकाश जवळजवळ नसतोच. असतात ते लाल आणि हिरवा. तिन्ही रंग मिसळून केलेला पांढराही असाच पोकळ असतो आणि त्याच्या उजेडात लाकूड, कापड किंवा माणसाचा चेहरा विचित्र दिसतो. प्रदर्शनात वस्तूही उजळायच्या असतील, तर ज्यात चौथा, स्वतंत्र पांढरा दिवा असतो ती पट्टी घ्यावी.

पट्ट्यांचे मुख्य प्रकार दोन. साध्या पट्टीला चार तारा असतात आणि तिचे सर्व दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतात. भिंत किंवा कोनाडा एकसारखा उजळायला ती पुरेशी असते. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ डब्ल्यूएस२८१२बी या मॉडेलच्या पट्टीत, प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते. ती आलेल्या संदेशातील पहिले २४ बिट (तिन्ही रंगांचे प्रत्येकी आठ) स्वतःसाठी ठेवते आणि उरलेला संदेश पुढच्या दिव्याकडे सोडते. एका दिव्याचा संदेश ३० मायक्रोसेकंदांत जातो, त्यामुळे हजार दिव्यांचे एक चित्र पूर्ण व्हायला ३० मिलिसेकंद लागतात. संदेश एकाच दिशेने वाहतो म्हणून पट्टीवर बाण छापलेला असतो, आणि मधला एखादा दिवा बिघडला, तर त्याच्या पुढचे सगळे निकामी होतात.

आता त्या तांबूस शेपटीकडे येतो. अशा ५ व्होल्टच्या पट्टीवर पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेऊ शकतो. मीटरला ६० दिवे असतील, तर पाच मीटरचे ३०० दिवे १८ अँपिअरपर्यंत जातात. एवढा प्रवाह पट्टीच्या पातळ तांब्यातून वाहताना दर हातावर थोडे व्होल्टेज खर्ची पडते. लाल दिव्याला पेटायला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास. त्यामुळे टोकाला व्होल्टेज घसरले की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, लाल तग धरून राहतो आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. पट्टी निर्दोष होती. वीज एकाच टोकाने दिली, ही माझी चूक होती. दोन्ही टोकांना आणि मध्येही जाड तारांनी वीज पोहोचवली की हा दोष जातो. प्रत्येक जोडणीला योग्य फ्यूज आणि गरजेपेक्षा थोडा अधिक क्षमतेचा पॉवर सप्लाय यांत काटकसर करू नये, कारण ५ व्होल्टचा झटका बसत नसला, तरी १८ अँपिअर बारीक तार सहज तापवू शकतात. आणि निम्म्या तीव्रतेवरही सजावट पुरेशी उजळ दिसते, हे एकदा पाहावेच.

मांडणी करताना दिवे उघडे न ठेवता दुधी पडद्यामागे, त्यापासून काही अंतरावर ठेवावेत. तिन्ही रंग तिथेच खऱ्या अर्थाने एकजीव होतात. बदलाची गती संथ असावी. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी लखलख काही व्यक्तींमध्ये अपस्माराचा झटका आणू शकते, म्हणून लोकांसमोरच्या मांडणीत मी ती कधीच ठेवत नाही.

ज्यांना कंट्रोलर नको असतो, त्यांच्यासाठी दोन पायांची, स्वतःहून रंग बदलणारी एलईडी मिळते. तिच्या आतली चिमुकली चिप वीज मिळताच ठरलेला क्रम सुरू करते. अशा दहा-बारा एलईडी एकाच क्षणी पेटवल्या, तर पहिली काही आवर्तने त्या एकसाथ चालतात. पण प्रत्येक चिपचे आतले घड्याळ किंचित वेगळे असल्याने त्या हळूहळू एकमेकींपासून सुटत जातात. एका काचेच्या बरणीत मी त्या ठेवल्या आहेत. अर्ध्या तासाने तिच्यात एकाच वेळी निळ्यापासून लालपर्यंतचे सगळे रंग फिरत असतात.