बोअरचं पाणी आणि मायक्रोफायबरचे टॉवेल : माझा अनुभव

गाडीच्या टॉवेलांबद्दल कुणालाही विचारा, तीनच गोष्टी ऐकायला मिळतात: कंडिशनर घालू नका, ब्लीच घालू नका, कडक उन्हात टाकू नका. तिन्ही पाळल्या. तरी पाच-सहा धुण्यांत टॉवेल पापडासारखे कडक झाले आणि बॉनेटवरचं पाणी टिपायचं सोडून नुसतं इकडून तिकडे ढकलायला लागले. दोष टॉवेलचा नव्हता, मशीनचाही नव्हता. आमच्याकडे अर्धं बोअरचं आणि अर्धं टँकरचं पाणी येतं, पुण्याच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्यांत येतं तसं. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही त्या पाण्यात टॉवेल मऊ राहावेत ही अपेक्षाच चूक होती, पण हे समजायला टॉवेलचा एक अख्खा गठ्ठा खर्ची पडला.

सोपा भाग आधी उरकतो. पेंट, काच, आतला डॅशबोर्ड आणि चाकं, चौघांचे टॉवेल वेगळ्या रंगांचे घ्यायचे आणि वेगळेच धुवायचे. चाकांच्या टॉवेलमध्ये ब्रेकची लोखंडी भुकटी असते. ती पेंटच्या टॉवेलमध्ये शिरली की काळ्या गाडीवर उन्हात बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं. सुती कपड्यांबरोबर तर मुळीच नाही, कारण कापसाची लव या धाग्यांत अडकली की निघता निघत नाही. नवा टॉवेल एकदा धुऊनच वापरायचा. त्याला कारखान्यातला जादा रंग, सुटी लव आणि फिनिश लागलेलं असतं, आणि त्यामुळे नवा कोरा टॉवेलसुद्धा कधी कधी पाणी घेत नाही. कडेचं लेबल कात्रीने कापलं तर टोचरं खुंट उरतं, म्हणून ते शिवण उसवून काढावं.

आता जिथे अडलो ते. मायक्रोफायबरचा धागा १ डेनियरपेक्षा बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅमही भरत नाही. बहुतेक टॉवेलांत ८० टक्के पॉलिस्टर आणि २० टक्के नायलॉन असतं, किंवा ७०-३०. चांगल्या टॉवेलमध्ये हा धागा संत्र्याच्या फोडींसारखा उभा चिरलेला असतो, आणि पाणी शोषायचं काम त्या फोडींमधल्या फटी करतात. पॉलिस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. त्यामुळे फटी बुजल्या की टॉवेल म्हणजे मेणकापड. आणि फटी बुजवायला जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या, पाण्यासारखं दुसरं काही नाही.

आपलं पाणी किती जड आहे हे आधी पाहा. टीडीएस मीटर इथे कामाचा नाही. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे त्याला कळत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात ‘जीएच’, म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा, मोजायचं थेंबांचं किट मिळतं. त्यातला १ अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा ठरवली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. माझ्या मते टॉवेलांना २०० सुद्धा जास्तच. किट नको असेल तर दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत आरओचं आणि दुसरीत नळाचं पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा थोडा थोडा कीस टाकून जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत नासलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागले तर वेगळी चाचणी नको. तेच कण टॉवेलमध्ये जाऊन बसतात.

आरओचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आरओच्या बारीक नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून कपड्यांना वापरायची आपल्याकडे चांगली सवय आहे. फरशीला, गाडीखालच्या जमिनीला खुशाल वापरा. टॉवेलांना मात्र ते विष. नळाच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट होऊन आलेले असतात.

दुसरी चूक पावडरची. धुण्याच्या पावडरमध्ये धुण्याचा सोडा भरपूर असतो. जड पाण्यात तो कॅल्शियमला भेटला की चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म कण तयार होतात. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तोच हा पदार्थ. टॉवेल वाळला की हे कण धाग्यात घट्ट बसतात. म्हणून टॉवेलांना लिक्विड डिटर्जंटच, आणि तेही मोजून: मशीनमध्ये डझनभर टॉवेलांना १५ मिली, हाताने धुताना १० लिटरच्या बादलीला १० मिली. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ, असं होत नाही. जास्त घातलेलं खळबळताना निघत नाही, इतकंच. कपड्याची वडी तर टॉवेलला लावूच नये.

टॉवेल बिघडलाय एवढं कळून भागत नाही, कशाने बिघडलाय ते कळायला हवं. कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडा आणि पाच सेकंद थांबा. थेंब मण्यासारखा बसून राहिला आणि टॉवेल हाताला मऊच लागतोय, तर वॅक्स, सिलिकॉन किंवा कंडिशनरचा थर आहे. थेंब हळूहळू मुरतोय, टॉवेल ताठ आहे आणि गडद रंगावर भुरकटपणा दिसतोय, तर चुना. थेंब झटकन मुरतो पण वास कुबट, तर जंतू. लव तिरप्या उजेडात पाहिल्यावर टोकं गुठळ्यांसारखी वितळलेली दिसली, तर इस्त्री किंवा गरम ड्रायर. याला औषध नाही, तो टॉवेल चाकांकडे पाठवा.

चुन्यावर उपाय म्हणून जो तो सांगतो, ‘दोन चमचे व्हिनेगर घाला’. याच सल्ल्यावर माझी सर्वात जास्त चिडचिड झाली आहे, कारण गणितच जुळत नाही. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम चुन्याइतका क्षार असतो, आणि बोअरच्या पाण्यात त्यातला बराचसा आम्ल खाणाऱ्या बायकार्बोनेटच्या रूपात. दोन मोठे चमचे व्हिनेगर म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम ॲसिड, ते १ ग्रॅम चुना कसाबसा फोडतं. म्हणजे सगळं व्हिनेगर बादलीतल्या पाण्यावरच संपतं, टॉवेलपर्यंत काही पोचत नाही. त्यापेक्षा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, लिंबूसत्त्व म्हणतात ते, १० लिटरला २० ग्रॅम घ्यावं. साधारण दीड मोठा चमचा. टॉवेल अर्धा तास भिजू द्यायचे, मधे दोनदा उलथेपालथे करायचे.

एवढं करूनही टॉवेल पाणी घेईनात. ताठपणा गेला, भुरकटपणा गेला, थेंब मात्र पूर्वीपेक्षाही गोल बसायला लागला. दोन-तीन वेळा ॲसिड वाढवून पाहिलं, उलट परिणाम. कारण असं, की टॉवेलमध्ये नुसता चुना नसतो, साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला चिकट साकाही असतो. (बऱ्याच लिक्विडमध्येसुद्धा फेस आवरायला थोडा साबण घालतात.) ॲसिड त्या साक्यातलं कॅल्शियम काढून घेतं आणि मागे उरतं ते मोकळं स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड). ते पाण्यात विरघळत नाही, धाग्याला तेलासारखं चिकटतं. म्हणजे आजार अर्धा बरा होतो आणि दिसतो मात्र बळावल्यासारखा. इथेच बहुतेक लोक टॉवेल फेकून देतात.

तेव्हा क्रम असा ठेवायचा. पहिल्यांदा ४० अंशाच्या कोमट पाण्यात लिक्विड घालून दोन तास भिजवायचे, म्हणजे वॅक्स-पॉलिशचा थर सैल होतो. तो वर असेल तर ॲसिड खाली पोचतच नाही. गीझरचं ६० अंशाचं आणि नळाचं साधं पाणी निम्मंनिम्म घेतलं की ४० च्या आसपास येतं. मग खळबळून सायट्रिकमध्ये अर्धा तास. मग पुन्हा लिक्विड, या वेळी फक्त ५ मिली, आणि हे पाणी मऊच, म्हणजे जडपणाचे क्षार नसलेलं, हवं. सुटलेलं स्निग्धाम्ल वाहून जातं ते या तिसऱ्या धुण्यात. शेवटचं खळबळणंही मऊ पाण्यात. तिसऱ्या पायरीला परत बोअरचं पाणी घेतलं तर साका पुन्हा तयार होतो आणि सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः.

मऊ पाणी आणायचं कुठून? आरओचं पिण्याचं पाणी चालतं, पण जिवावर येतं. पावसाळ्यात प्रश्नच नाही: पहिले काही पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग पागोळीखाली बादली. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घ्या. ते हवेतल्या बाष्पाचंच असतं, त्यात चुना नसतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत भरपूर मिळतं, एप्रिलच्या कोरड्या पुण्यात कमी. दोन्ही पाणी ताजंच वापरा आणि चहाच्या बारीक गाळणीने गाळा. सुती फडक्याने गाळलंत तर त्याची लव पाण्यात उतरते. डझनभर टॉवेलांच्या शेवटच्या खळबळण्याला ८-१० लिटर पुरतात.

हा चार पायऱ्यांचा कुटाणा दर वेळी करायचा नाही. एरवीच्या धुण्यात शेवटच्या पाण्यात बादलीमागे १० ग्रॅम सायट्रिक पुरतं. संपूर्ण क्रम तीन-चार महिन्यांनी एकदा, किंवा थेंब बसायला लागला की.

कुबट वासावर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवालं डाग काढायचं पावडर, ४० अंशाच्या ५ लिटर पाण्यात एक मोठा चमचा, तासभर. तेही पाण्यात सोडाच सोडतं, म्हणून जड पाण्यात वापरलं तर नंतर चांगलं खळबळून सायट्रिक आलंच. क्लोरीनचं ब्लीच नायलॉन खातं, शिवाय ॲसिडशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ती बाटली या कामाच्या आसपासही नको.

मशीनबद्दल एक राहिलं. ४० बाय ४० सेंटिमीटरचा ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) टॉवेल ५६ ग्रॅम भरतो. पाणी टिपायचा ६० बाय ९० चा १,२०० जीएसएमचा मोठा टॉवेल एकटाच ६५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ डझनाएवढा. तो ओला झाला की स्पिनमध्ये ड्रम एका बाजूला झुकून मशीन थडथडतं. तोल साधायला सोबत चार-पाच छोटे टाका. सेमी-ऑटोमॅटिकमधली लव धरणारी जाळी आधी उलटी करून धुवा, नाहीतर कालच्या चादरींची लव आजच्या टॉवेलांवर.

वाळवताना सावली आणि वारा. काथ्याची दोरी नको, तिचे तंतू चिकटतात. स्टीलचा स्टँड बरा. रस्त्याकडेच्या गॅलरीत नको, ओला टॉवेल धूळ ओढून घेतो. टाकण्याआधी दोन टोकं धरून जोरात झटका आणि वाळल्यावर पुन्हा झटका, निम्मा ताठपणा तिथेच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस ओलसर राहिले की वास धरलाच समजा. तेव्हा जादा स्पिन देऊन पंख्याखाली टाका, दोन टॉवेलांत वीतभर अंतर ठेवून. ड्रायर असेल तर सर्वात कमी उष्णतेवर.

ठेवायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा, प्रत्येक रंगाला एक. टॉवेल पूर्ण वाळलाय की नाही हे जाड शिवणीवर बोट दाबून पाहायचं, पोत कोरडा लागला तरी शिवण ओली असते. डिकीत जॅक-पान्यांबरोबर उघडा ठेवलेला टॉवेल पेंटला लावायचा नाही. जमिनीवर पडलेलाही नाही, कितीही झटकलात तरी. त्या दिवसापुरता तो बाद.

आणि पेंटवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे संरक्षक थर, चढवायला वापरलेले टॉवेल धुवायच्या भानगडीत पडू नका. कोटिंग धाग्यात काचेसारखं कडक होतं आणि ते कोणत्याच पाण्याने, कोणत्याच ॲसिडने निघत नाही. काम झाल्याबरोबर ते वेगळ्या पिशवीत टाकून फेकायचे. चुकून धुण्यात गेलाच, तर बाकीच्या टॉवेलांत तो ओळखायचा कसा? थेंब टाकून.